थंडीत जुनी डिझेल गाडी चालू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल मोटारींसाठी आहे. म्हणजे इनलाइन किंवा रोटरी पंप, प्रत्येक इंजेक्टरला जाणारा धातूचा पाइप आणि बहुतेक वेळा प्रीचेंबर (डिझेल आधी जिथे पेटतं ती सिलिंडरवरची छोटी खोली) असलेलं इंजिन. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीच्या डिझेल पाइपांत हजार बारहून जास्त दाब असू शकतो. पाइपांचे नट सैल करून हवा काढण्याबद्दल खाली जे लिहिलं आहे, ते अशा गाडीवर कधीही करू नका.

उन्हाळ्यात पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी थंडीतच का अडते?

डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबल्यामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेल पेटायला सुमारे २१० ते २५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. उन्हाळ्यात इंजिन हवेला ५०० अंशांच्या आसपास नेतं, त्यामुळे थोडीफार झीज असली तरी खपून जाते.

थंडीत आत येणारी हवाच गार असते आणि सिलिंडरच्या गार भिंती तिची उष्णता शोषतात. त्यातच बॅटरी अशक्त आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन हळू फिरतं. हळू फिरणं सगळ्यात घातक, कारण दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला आणि उष्णतेला भिंतींत जिरायला जास्त वेळ मिळतो. प्रीचेंबरच्या इंजिनांत कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) २० ते २३ इतका जास्त असूनही ग्लो प्लग (आत उष्णता देणारा विजेचा प्लग) लागतो, तो याचसाठी. प्रीचेंबरला आकाराच्या मानाने भिंत जास्त असते, त्यामुळे उष्णता तितकीच जास्त वाया जाते.

इंजिनाला तीन गोष्टी मिळायला हव्यात: उष्णता, फिरण्याचा वेग आणि डिझेल. थंडीत गाडी अडली की यातली कोणती कमी पडते ते आधी ठरवा आणि मगच पाना हातात घ्या. बॅटरी, प्लग, फिल्टर असं एकेक बदलत गेलं तर खर्च होतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

तिन्हींपैकी काय कमी पडतंय हे कसं ओळखायचं?

कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा. इंजिन झपाझप फिरतंय आणि पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. इथे उष्णता कमी आहे, तेव्हा प्लग, कॉम्प्रेशन आणि टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) बघायचं. इंजिन तितकंच झपाझप फिरतंय पण धुराचा मागमूस नाही, तर डिझेलच पोचत नाही. मग फिल्टर, हवा शिरणं, गोठलेलं डिझेल किंवा पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (चावीसरशी डिझेल सोडणारी-तोडणारी विजेची झडप) बघा. इंजिन कण्हत, थांबत थांबत फिरतंय, तर धुराकडे बघूही नका. बॅटरी, केबल, ऑइल आणि स्टार्टर यांच्याकडे वळा.

थंड इंजिन चालू करण्याची योग्य पद्धत कोणती?

दिवे, पंखा, काच तापवणारी तार, रेडिओ, सगळं बंद ठेवा. गिअर न्यूट्रलमध्ये घालून क्लच पूर्ण दाबा. त्याने गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचा भार स्टार्टरवर येत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत हा फरक कानाला ऐकू येतो. डॅशबोर्डवर कोल्ड स्टार्टचा नॉब असेल तर तो ओढा. हा नॉब इंजेक्शनचं टायमिंग थोडं आधी आणतो. डिझेलला पेटायला वेळ मिळतो आणि धूरही कमी होतो. पुष्कळ मालक याला चोक समजतात, पण हवेशी त्याचा संबंध नाही.

चावी पहिल्या टप्प्यावर फिरवा, ग्लोचा दिवा विझू द्या, आणि खूप थंडी असेल तर आणखी ५ ते १० सेकंद थांबा. मग सेल्फ मारा. अॅक्सिलरेटर किती दाबायचा ते पंपावर अवलंबून आहे. काही पंप सुरुवातीला आपोआप जास्त डिझेल सोडतात, काहींच्या मॅन्युअलमध्ये पेडल पूर्ण दाबायला सांगितलेलं असतं. मॅन्युअल हाताशी नसेल तर अर्ध्यापर्यंत दाबा आणि इंजिनने धरलं की लगेच सोडा.

एक-दोन ठोके पडू लागले तर सेल्फ सोडू नका. इंजिन स्वतःच्या जोरावर फिरू लागेपर्यंत स्टार्टरची साथ राहू द्या, इथेच बहुतेक जण घाई करतात. मात्र सलग १५ ते २० सेकंदांपलीकडे जाऊ नका. मध्ये किमान एक मिनिट थांबा, म्हणजे स्टार्टर निवतो आणि बॅटरी थोडी सावरते. पुढच्या प्रयत्नाआधी पुन्हा ग्लो द्या. तीन-चार प्रयत्नांत चालू झाली नाही तर थांबून कारण शोधा. न पेटलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची फिल्म धुऊन टाकतं आणि कॉम्प्रेशन आणखी उतरतं.

ग्लोचा दिवा लागतो आणि विझतो. म्हणजे प्लग चांगले आहेत ना?

नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त टायमरचा असतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो तितक्याच शिस्तीत लागतो आणि विझतो.

मग प्लग घरी कसे तपासायचे?

आधी तुमचे प्लग कोणत्या जातीचे ते बघा. फार जुन्या गाड्यांत उघड्या तारेच्या वेटोळ्याचे प्लग एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक गेला की सगळे बंद, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन व्होल्टच येतात. अशा प्लगला थेट १२ व्होल्ट दिले तर तो क्षणात जळतो. नंतरचे पेन्सिल प्लग पॅरलल जोडणीचे असतात आणि एक गेला तरी बाकीचे चालतात. इंजिन चालू होतं, पण लंगडत, पांढरा धूर सोडत, आणि अर्ध्या-एका मिनिटाने सरळ होतं.

पेन्सिल प्लग तपासायला प्लगांवरची जोडपट्टी किंवा वायर काढा. मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरा. चांगल्या प्लगचा रोध साधारण ०.५ ते १.५ ओहम असतो. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावल्यावर दिसणारा आकडा त्यातून वजा करायला विसरू नका, एवढ्या कमी मापात तो गोंधळ घालतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला तर तार अखंड आहे.

पण तार अखंड म्हणजे टोक तापतंच असं नाही. खात्री हवी तर क्लॅम्प मीटरने करंट मोजा. सुरुवातीला तो जास्त असतो आणि काही सेकंदांनी एका प्लगला ८ ते १२ अँपिअरच्या आसपास स्थिरावतो. प्लग बाहेर काढलेला असेल तर व्हाइसमध्ये धरून जंपर केबलने १२ व्होल्ट द्या, मात्र प्लगवर ११ किंवा १२ व्होल्ट छापलेलं असेल तरच. लाली टोकाकडून सुरू व्हायला हवी. मधला भाग आधी लाल झाला किंवा टोक काळंच राहिलं तर प्लग बाद. हाताने धरू नका, टोक ८०० अंशांच्या वर जातं.

सगळे प्लग चांगले निघाले तर चावी फिरवल्यावर प्लगच्या टोकाशी व्होल्टेज येतंय का ते बघा. येत नसेल तर रिले किंवा पट्टीसारखी मोठी फ्यूज, साधारण ५० ते ८० अँपिअरची. या पट्टीला केसाएवढी चीर जाते, ती वरून अखंड दिसते आणि मीटरवर सुद्धा बरोबर वाटते, पण भार आला की करंट सोडत नाही. तिचे स्क्रू सैल करून पट्टी हाताने हळूच वाकवून बघा, चीर लगेच उघडते.

जुने प्लग काढताना तुटण्याची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

भीती रास्त आहे. तुटलेलं टोक आत राहिलं तर हेड उतरवावं लागू शकतं. आदल्या दिवशी प्लगच्या आट्यांवर गंज सोडवणारं ऑइल सोडा आणि प्लग इंजिन गरम असतानाच काढा. जोर मोजूनच लावा: एम १० च्या प्लगला ३५ आणि एम १२ ला ४५ न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. तेवढ्याने सुटला नाही तर पुन्हा ऑइल सोडा, किंचित आवळा, किंचित सोडा, असं पुढे-मागे करत आणा.

नवा प्लग बसवण्याआधी भोकातला कार्बन त्या मापाच्या रीमरने साफ करा आणि रीमरला ग्रीस लावा, म्हणजे कण त्याला चिकटून बाहेर येतात. कार्बनने दाटलेल्या भोकात नवा प्लग तापतो खरा, पण त्याच्याभोवती हवा खेळत नाही आणि तो लवकर मरतो. आवळताना एम १० ला १२ ते १८, एम १२ ला २२ ते २५ न्यूटन-मीटर पुरे. बदलायचे तर सगळे एकदम बदला.

बॅटरी नवी आहे, तरी सेल्फ जड का?

नवी असली तरी ती भरलेली आहे का ते आधी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. शून्य अंशाला बॅटरीची ताकद पाचवा हिस्सा घटते, उणे १८ ला ती निम्म्याच्या आसपास येते. नेमक्या त्याच वेळी इंजिन सगळ्यात जड झालेलं असतं. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमी पडते आहे. विकत घेताना अँपिअर-अवरबरोबर सीसीए हा आकडा बघा. उणे १८ अंशाला ३० सेकंद बॅटरी किती अँपिअर देऊ शकते ते तो सांगतो. डिझेल गाडीत पेट्रोलसाठीची हलकी बॅटरी बसवून पैसे वाचत नाहीत.

बॅटरी भक्कम आहे आणि सेल्फ तरी जड, तर केबल तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारताना आकडा बघा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थिंग खराब आहे. पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा बोल्ट या बाजूला ०.५ पर्यंत चालतं. इंजिनाला जाणाऱ्या अर्थ पट्टीचा बोल्ट गंजलेला असणं हे सगळ्यात नेहमीचं, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शेवटी बघितलं जाणारं कारण आहे. बोल्ट काढा, पट्टी आणि ब्लॉक दोन्ही घासून चकचकीत करा, आवळा, वरून ग्रीस लावा.

एक सावधगिरी. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपासच गोठू शकते, भरलेली मात्र उणे ५० ला सुद्धा गोठत नाही. बॅटरीचं पोट फुगलेलं दिसलं किंवा आत बर्फ दिसला तर तिला चार्जर किंवा जंप केबल लावू नका. ती फुटू शकते.

ऑइल बदलल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो पहिल्याच सकाळी जाणवतो. डब्यावरच्या आकड्यात डब्ल्यूच्या आधीचा भाग थंडीचा असतो. २० डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशाला, १५ डब्ल्यूची उणे २० ला, १० डब्ल्यूची उणे २५ ला आणि ५ डब्ल्यूची उणे ३० ला घेतात. त्या तापमानालाही इंजिन फिरवता येईल इतकंच ऑइल पातळ राहतं, एवढाच त्याचा अर्थ. सहज फिरेल असा नाही. पारा शून्याच्या खाली जात असेल तर १५ डब्ल्यू-४० ऐवजी १० डब्ल्यू-४० किंवा ५ डब्ल्यू-४० घाला, पण डिझेल इंजिनाचा दर्जा असलेलंच. फार झिजलेल्या इंजिनात पातळ ऑइल जास्त जळतं, तेव्हा पहिले काही आठवडे डिपस्टिक वरचेवर बघा.

डिझेल गोठलंय हे कसं कळतं?

डिझेलमध्ये मुळातच पॅराफिन मेण असतं. तापमान उतरलं की आधी डिझेल ढगाळ दिसू लागतं, मग मेणाचे स्फटिक फिल्टरच्या कागदावर साचतात आणि वाट बंद होते. टाकीतलं डिझेल तेव्हाही वाहतं असतं, अडतो तो फिल्टर. म्हणून याची खूण फसवी आहे. गाडी नीट चालू होते, फिल्टरच्या पलीकडचं डिझेल संपेपर्यंत दोन-चार मिनिटं चालते, मग दम तुटतो आणि बंद पडते. उन्हाळी डिझेल हिवाळ्यापर्यंत टाकीत राहिलेल्या, कमी वापराच्या गाड्यांना हा त्रास हटकून होतो.

युरोपच्या ईएन ५९० मानकात डिझेलचे थंडीचे वर्ग ठरलेले आहेत. ए वर्ग अधिक ५ अंशांपर्यंत फिल्टरमधून जातो, एफ उणे २० पर्यंत, आणि अतिथंड प्रदेशांसाठीचा वर्ग ४ उणे ४४ पर्यंत.

गोठलंच तर फिल्टरवर कापड गुंडाळून गरम पाणी ओता, किंवा ताज्या हिवाळी डिझेलने भरलेला नवा फिल्टर बसवा. सगळ्यात चांगलं म्हणजे गाडी उबदार जागेत ढकलून काही तास ठेवणं. उघडी ज्योत, ब्लोलॅम्प, पेटता बोळा यांपैकी काहीही फिल्टरजवळ किंवा टाकीखाली नेऊ नका.

फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी हा वेगळा प्रकार. ते शून्यालाच गोठतं आणि वाट रोखतं. थंडी सुरू होण्याआधी तळाचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढा.

डिझेलमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल मिसळावं का?

काही जुन्या मॅन्युअलमध्ये दोन्हींना मर्यादित प्रमाणात परवानगी होती, म्हणून हा सल्ला अजून फिरतो. पण रोटरी पंपाला आतलं वंगण फक्त डिझेलमधूनच मिळतं. रॉकेल ते वंगण पातळ करतं आणि पेट्रोल त्याहून जास्त. शिवाय थोड्याशा पेट्रोलनेही टाकीतलं मिश्रण सहज पेट घेण्याजोगं होतं. आमचं मत स्पष्ट आहे: पेट्रोल अजिबात नको, आणि रॉकेलऐवजी डिझेल न गोठण्यासाठी मिळणारं अॅडिटिव्ह वापरा. ते डिझेल ढगाळ होण्याआधी घालावं लागतं. एकदा तयार झालेले स्फटिक ते विरघळवत नाही. आधी अॅडिटिव्ह, मग वरून डिझेल भरा, म्हणजे नीट मिसळतं.

सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो, दिवसभर मात्र लगेच चालू होते. असं का?

रात्रभरात डिझेल उतरून टाकीकडे परत गेलेलं असतं, कारण कुठेतरी हवा शिरते. थंडीत रबर आखडतं, म्हणून हे आत्ताच दिसतं. पहिला संशय इंजेक्टरांना जोडणाऱ्या बारीक, कापडी वेष्टनाच्या रिटर्न नळ्यांवर घ्या. त्या ओलसर दिसत असतील किंवा बोटाने वाकवल्यावर चिरत असतील तर सगळ्या बदला, काम दहा मिनिटांचं आहे. नंतर फिल्टरचं सील आणि हातपंप. पक्का पुरावा हवा असेल तर पंपाकडे येणाऱ्या नळीचा छोटा तुकडा पारदर्शक नळीने बदला. सकाळी त्यात लांब रिकामी जागा किंवा बुडबुड्यांची माळ दिसली की शोध योग्य दिशेला आहे.

हवा काढायची तर फिल्टर डिझेलने भरून हातपंप कडक लागेपर्यंत दाबा. मग इंजेक्टरांकडचे नट अर्धा ते एक आटा सैल करा, डिझेल येईपर्यंत सेल्फ मारा आणि आवळा. सेल्फ फिरत असताना हात आणि चेहरा लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. दाबाखालची बारीक धार कातडीच्या आत शिरते. तशी जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

धूरच नाही आणि हवाही नाही, तर चावी फिरवल्यावर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा टक् असा आवाज ऐका. आवाज नसेल तर त्याच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का ते बघा.

ईथर स्प्रे मारला तर?

ग्लो प्लग असलेल्या इंजिनात मारू नका. ईथर तापलेल्या प्लगवर पिस्टन वर येण्याआधीच पेटतं आणि धक्का उलट्या दिशेने बसतो. रिंगांच्या खाचा तुटतात, प्लगची टोकं उडतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो.

धक्का स्टार्ट किंवा दुसऱ्या गाडीची बॅटरी, काय बरं?

दुसरी बॅटरी. धक्का स्टार्टमध्ये टायमिंग बेल्टला हिसका बसतो, आणि जुना बेल्ट दात सोडून सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. शिवाय ग्लो प्लग आणि सोलेनॉइडला वीज हवीच.

जंप केबल जाड घ्या, तांब्याचा छेद किमान २५ चौरस मिलिमीटर. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा, मग चालू गाडीचं निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. मदतीची गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा आणि मगच सेल्फ मारा.

ब्लॉक हीटर रात्रभर लावून ठेवावा लागतो का?

नाही. ४०० ते १००० वॅटचा हीटर दोन-तीन तासांत जेवढं तापवायचं तेवढं तापवतो, पुढची वीज वाया जाते. टायमर लावा. शून्याखालच्या प्रदेशात जुन्या डिझेलसाठी याहून चांगली खरेदी नाही: इंजिन कोमट होतं, सेल्फ हलका जातो, प्लगांना कमी काम पडतं.

सगळं तपासलं, तरी गाडी हट्ट सोडत नाही. आता?

आता कॉम्प्रेशन मोजा. ग्लो प्लगच्या भोकातून, डिझेलसाठीच्या गेजने, डिझेलचा पुरवठा बंद ठेवून. प्रीचेंबरच्या अनेक इंजिनांत नवं असताना २८ ते ३४ बारच्या दरम्यान दाब मिळतो, काहींत त्याहून कमी. खालची मर्यादा मॅन्युअलप्रमाणे वेगवेगळी असते. सिलिंडरांमध्ये ३ ते ५ बारहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्याकडे लक्ष द्या.

आकडा कमी आला म्हणून लगेच रिंगा बदलायला इंजिन उघडू नका. आधी टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हच्या वरच्या फटीचं माप) तपासा. झीज होत गेली की व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततात, टॅपेटची फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. फीलर गेज आणि तासाभराच्या कामाने कॉम्प्रेशन परत आलेली इंजिनं बरीच असतात. त्यानंतर पंपाचं टायमिंग, कारण बेल्ट किंवा चेन ताणली की इंजेक्शन उशिरा होतं. आणि शेवटी फवाऱ्याऐवजी थेंब सोडणारी नोझल.

चालू झाल्यावर खडखडाट फार होतो. तापेपर्यंत उभी ठेवावी का?

गार इंजिनात डिझेल उशिरा आणि एकदम पेटतं, म्हणून तो ठोका ऐकू येतो. एक-दोन मिनिटांत तो मवाळ व्हायला हवा. अर्धा ते एक मिनिट ऑइल वर चढू द्या, रेस मारू नका, आणि निघा. डिझेल इंजिन उभ्या उभ्या फार हळू तापतं, आणि गार इंजिन ताटकळत ठेवलं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पहिले काही किलोमीटर निम्म्याहून कमी पेडलवर चालवा. कोल्ड स्टार्टचा नॉब ओढला असेल तर इंजिन सरळ फिरू लागल्यावर तो आत ढकला.